रिंग बिचारी काय करणार?

हायड्रॉलिकच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला गळतीचं फारसं भय वाटत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक सिलिंडर गळकेच असायचे. पोकलेनचा बूम आपोआप खाली बसायला लागला, प्रेस रात्रभरात इंचभर उतरली, की गिऱ्हाईक सिलिंडर टेम्पोत टाकून घेऊन यायचं. खोलायचा, बोअर होन करायचा, सीलकिट बदलायचं, जोडायचा आणि दाबाखाली तपासून परत द्यायचा. तेल गळतं ते सावकाश. आधी रॉडवर ओलसर वलय दिसतं, मग खाली डाग पडतो, मग मालकाचा फोन येतो. माणसाला सावरायला वेळ मिळतो.

निवृत्तीनंतर वर्षातला काही काळ मी शिकागोच्या उपनगरात मुलीकडे असतो. सोळा वर्षांच्या नातीला रॉकेट उडवायचा छंद आहे. तिच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पुडीत काळ्या ओ-रिंगा, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या रबरी रिंगा, दिसल्या तेव्हा मला परक्या मुलुखात गाववाला भेटल्यासारखं झालं. ज्या वस्तूवर माझं पोट चाललं तीच वस्तू इथे रॉकेटच्या मोटरमध्ये! पण तिने मोटर कशी चालते ते समजावून सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं की इथली गळती कुणाला सवड देत नाही. सील जिथे हरतं तिथे पुढच्या क्षणी ॲल्युमिनिअम वितळायला लागतं.

छंद कसा आणि कुठला

अमेरिकेत हा छंद जुना आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी 1954 च्या सुमाराला कागदी नळीतली छोटी दारूची मोटर आणि पॅराशूटने परत येणारं रॉकेट बनवलं. हॅरी स्टाइन या लेखक-अभियंत्याने ते उचलून धरलं, आणि 1957 मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संघटना उभी राहिली. दुसरी मोठी संघटना ‘ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’. मुलांनी घरी दारू कालवून बोटं गमावू नयेत, कारखान्यात बनलेली आणि तपासलेली मोटरच वापरावी, हा या छंदाचा पाया. आजही बहुतेक जण इंधन घरी बनवत नाहीत. हा लेखही त्याबद्दल नाही.

मोटरींना इंग्रजी अक्षरं असतात. प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेग दुपटीपर्यंत जातो. ‘जी’पर्यंतच्या बहुतेक मोटरी साध्या, ‘एच’पासून मोठ्या शक्तीचं रॉकेट सुरू होतं आणि त्याला प्रमाणपत्र लागतं. ‘एच’ म्हणजे 160 ते 320 न्यूटन-सेकंद. अक्षरापुढचा आकडा सरासरी रेट्याचा. ‘एच 128’ म्हणजे सरासरी 128 न्यूटन, आपल्या भाषेत तेरा किलोचा रेटा, आणि तोही सव्वा-दीड सेकंदच. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी देखरेखीखाली पहिल्या पातळीची वेगळी सोय आहे. नात त्यात बसते.

शिकागो आणि मिलवॉकी यांच्यामध्ये, विस्कॉन्सिनमध्ये, रिचर्ड बाँग स्टेट रिक्रिएशन एरिया म्हणून मोठं मोकळं माळरान आहे. तिथे हवाई दलाचा तळ व्हायचा होता, तो अर्ध्यात सोडला. आता तिथे लोक घोडे फिरवतात, पक्षी बघतात आणि परवानगी घेऊन रॉकेटं उडवतात. आमची वारी तिथली.

मोटर उघडून बघू

स्वस्त मोटर एकदा जळाली की टाकून द्यायची असते. रीलोडेबल मोटरचं तसं नाही. ॲल्युमिनिअमची नळी आणि तिची दोन्ही टोकांची आट्यांची झाकणं पुन्हा पुन्हा वापरायची. आतला माल प्रत्येक उड्डाणाला नवा. त्या मालाचा संच पुडीत येतो. त्यात लायनर असतो, म्हणजे नळीच्या आत बसणारी पातळ नळी. तिच्यात घन इंधनाचे पोकळ दंडगोल रचायचे, त्यांना ग्रेन म्हणतात. एका टोकाला नोझल, दुसऱ्या टोकाला उष्णतारोधक चकती. पुढच्या झाकणात विलंबाचा तुकडा असतो. इंधन संपल्यावर तो काही सेकंद धुमसत राहतो आणि मग झाकणाच्या खोबणीतली चिमूटभर काळी दारू पेटवून पॅराशूट बाहेर ढकलतो. आणि या सगळ्यांच्या सांध्यांवर ओ-रिंगा.

एरोटेक कंपनीच्या मोटरी अशा सुट्या भागांतून जोडाव्या लागतात. सेसारोनी या कॅनडातल्या कंपनीच्या संचात बरंचसं आधीच बांधून येतं, ते नळीत सरकवायचं. पण तिथेही रिंगा आपल्या जागी आहेत ना, हे स्वतः बघून मगच पुढे जायचं असतं. बांधून आलंय म्हणून डोळे मिटून चालत नाही.

आता आकडे बघा. आमच्या हायड्रॉलिकमध्ये दोनशे बारचा दाब म्हणजे रोजचंच. या मोटरमध्ये दाब साधारण चाळीस ते सत्तर बारच्या आसपास. दाब ऐकून मी म्हटलं, “एवढंच होय!” मग नातीने तापमान सांगितलं. अमोनिअम परक्लोरेटचं हे इंधन अडीच ते तीन हजार अंश सेल्सिअसला जळतं. ॲल्युमिनिअम 660 अंशांना वितळतं. नायट्राइल रबराची रिंग फार तर शंभर-सव्वाशे अंश सोसते. म्हणजे या नळीत रिंगही टिकू नये आणि नळीही टिकू नये. तरी दोन्ही टिकतात, दर शनिवार-रविवारी, शेकडोंनी. ते कसं, हे कळलं की बिघाड कुठून येतो तेही कळतं.

रबर आगीत कसं टिकतं

ओ-रिंग सांध्यात ठेवताना ती थोडी चेपली जाईल अशी खाच केलेली असते. स्थिर सांध्यात तिच्या जाडीच्या साधारण पंधरा ते तीस टक्के चेप देतात. हा चेप नुसता पहिला अटकाव. खरं काम दाब आल्यावर सुरू होतं. दाब रिंगेला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर ढकलतो, रिंग तिथे पसरते आणि फट बुजवते. दाब जितका जास्त तितकी ती घट्ट. कुकरची रिंग जशी आतल्या वाफेनेच झाकणाला चिकटते, तसंच. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या नील्स क्रिस्टेन्सन यांनी 1937 मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1939 मध्ये ते मिळालं, आणि तेव्हापासून नळाच्या तोटीपासून विमानाच्या चाकापर्यंत ही साधी रिंग पोचली.

राहिला प्रश्न उष्णतेचा. गरम वायू रिंगेपर्यंत येतो, पण तिथे त्याला पुढे वाट नसते. तो तिथेच थबकतो आणि भोवतीच्या थंड धातूला उष्णता देऊन टाकतो. लायनर आणि चकत्या मुख्य ज्वाळा लांब ठेवतात. इंधन जळतं ते दीड-दोन सेकंद. एवढ्यात रिंगेचा फार तर वरचा पापुद्रा करपतो.

पण त्या रिंगेखालून केसाएवढी वाट जरी निघाली, तरी सगळा हिशोब फिरतो. थबकलेला वायू आता वाहू लागतो. वाहणारा वायू थांबलेल्यापेक्षा कितीतरी पट जोराने उष्णता देतो. शिवाय त्यात इंधनातल्या धातूच्या जळालेल्या भुकटीचे तापलेले कण असतात. ते रबर खरवडतात, वाट रुंदावते, रुंद वाटेतून आणखी वायू येतो. तेलाची गळती दिवसेंदिवस तेवढीच राहू शकते. ही गळती स्वतःलाच वाढवत नेते. म्हणून या मोटरच्या बाबतीत ‘थोडं गळतंय, चालेल’ असा प्रकार नाही. सील एक तर पूर्ण आहे, नाही तर नाही.

तीन सांधे, तीन तऱ्हा

या मोटरमध्ये तीन जागा सांभाळायच्या.

पहिली मागची, नोझलभोवतीची. इथे गळती झाली तर मागच्या झाकणाचे आटे करपतात, नोझलच्या बाजूने दुसरी ज्वाळा निघते, रॉकेट तिरकं जातं किंवा झाकणच सुटून सगळा माल मागे फेकला जातो.

दुसरी पुढची. ही जास्त वाईट, कारण इथली ज्वाळा वर, रॉकेटच्या पोटात शिरते. तिथे पुठ्ठ्याची नळी, कापडी पॅराशूट, दोऱ्या, आणि झाकणातली काळी दारू.

तिसरी सर्वांत लहान आणि म्हणूनच सर्वांत जास्त विसरली जाणारी: विलंबाच्या तुकड्याभोवतीची. ही रिंग राहून गेली किंवा फाटली, तर मोटर फुटत नाही. पण ज्वाळा विलंबाच्या तुकड्याला वळसा घालून थेट काळ्या दारूपर्यंत पोचते. रॉकेट पूर्ण वेगात असतानाच पॅराशूट उघडतं. कापड फाटतं, दोरी पुठ्ठ्याच्या नळीला चिरत खाली येते, आणि खालचे लोक ‘मोटर खराब निघाली’ म्हणतात. मोटरने आपलं काम चोख केलेलं असतं. करंगळीच्या टोकावर मावेल एवढी रिंग पुडीतच राहिलेली असते.

एकदा पुढचं सील गेलेली मोटर मला हातात घेऊन बघायला मिळाली. रॉकेट घरांच्या उंचीएवढं चढलं आणि त्याच्या बरगडीतून आडवी ज्वाळा आली. मालक उमदा गृहस्थ होता. नळी थंड झाल्यावर त्याने ती आमच्यासमोर टेबलावर ठेवली. मी आधी रिंग मागितली. तीन चतुर्थांश रिंग नव्यासारखी होती. मऊ, काळी, चिमटीत दाबली की परत उसळणारी. उरलेला भाग नाहीसा झालेला, आणि नेमक्या त्याच जागी झाकणाच्या कडेला पेन्सिल जाईल एवढी चारी वितळून गेलेली. चारीच्या बाजूला शिल्लक राहिलेल्या रबरावर भिंग धरलं, तर तिरका काप दिसला. नळीच्या आतल्या आट्यांचा जो उतार, तोच त्या कापाचा उतार. रिंग आत सरकवताना आट्यांच्या धारेवरून कोरडी ओढली गेली होती. आमच्या शॉपमध्ये याला ‘सील चावलं’ म्हणतात. चावलं कुणी? आट्यांनी. सरकवलं कुणी? हाताने. आणि नाव कुणाचं? रिंगेचं.

चाळीसेक वर्षांत सिलिंडर खोलून मी जे शिकलो तेच त्या टेबलावर पुन्हा दिसलं. रिंग क्वचितच स्वतःहून दगा देते. ती ज्या पृष्ठभागावर टेकते तो, तिच्या वाटेत येणारी धार, तिच्यावरचा कचरा आणि ती बसवणारा हात, यांचा हिशोब तिच्या नावावर लिहिला जातो.

बसवण्याची रीत

आता नातीच्या टेबलावर काय चालतं ते सांगतो. मोटर जोडताना प्रत्येक कंपनीचं पत्रक वेगळं असतं आणि शेवटचा शब्द त्याचाच. पण रीत सगळीकडे सारखीच.

टेबलावर आधी पांढरं, धागे न सुटणारं कापड अंथरायचं. काळी रिंग पांढऱ्यावर दिसते, आणि घरंगळली तरी सापडते. पुडीतली प्रत्येक वस्तू पत्रकातल्या चित्राच्या क्रमाने मांडायची आणि मोजायची. एकही वस्तू उरता कामा नये, एकही कमी पडता कामा नये. काही मोटरींमध्ये दोन रिंगांचा बाहेरचा व्यास सारखा, जाडी वेगळी. नजरेने निवडल्या तर अदलाबदल होते. कॅलिपर लावला की प्रश्न मिटतो. माझा जुना व्हर्नियर आता तिच्या पेटीत आहे.

मग रिंग तपासायची. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच ताणायची आणि गोल फिरवत न्यायची. ताण दिला की चीर तोंड उघडते. एरवी ती मिटलेली असते आणि दिसत नाही. डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. साच्याच्या जोडाची रेघ रिंगेवर असतेच, पण ती नखाला अडकत असेल तर ती रिंग बाजूला. चपटी झालेली, पीळ पडलेली, कडक लागणारी रिंगही बाजूला. नात विचारते, “आजोबा, एवढी बारीक चीर चालणार नाही का?” मी सांगतो, “अगं, तेलाला विचार, ते हो म्हणेल. आगीला विचारून बघ.”

त्यानंतर धातू. नळीचं आतलं टोक, झाकणाची बसायची जागा, नोझलची खाच. बोट फिरवून ओरखडा, जुनी काजळी, चिकटलेला कण शोधायचा. नळीच्या लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा सर्वांत वाईट, कारण तो रिंगेखालून आरपार वाट देतो. गोल फिरलेला ओरखडा त्या मानाने निरुपद्रवी. आमच्याकडे होनिंग करतानाही बोअरमधला उभा ओरखडा दिसला की फोरमनचा चेहरा पडायचा. नळीत रिंगेच्या जागी असा ओरखडा असेल तर ती नळी बाद. तिच्यावर जास्त ग्रीस चोपडून तो दोष भरून निघत नाही.

लायनरचं टोक लोक विसरतात. कापताना त्याच्या कडेला बारीक बर उरते. पत्रकात लिहिलेलं असतं की दोन्ही टोकांच्या आतल्या कडा नखाने किंवा छोट्या सुरीने साफ करा. ते न करता नोझल दामटलं तर लायनरचा पापुद्रा सुटतो, नोझल वाकडं बसतं, आणि कागदाचा तुसा जाऊन नेमका रिंगेखाली बसतो. बर काढायला मिनिटभर लागतं. नात नखाने काढते आणि मग ती कड डोळ्यांसमोर धरून प्रकाशात फिरवून बघते. कागदाचा एक तंतू जरी चमकला तरी पुन्हा नख. ते बघताना मला आमच्या शॉपमधला एक म्हातारा फिटर आठवतो. तो नवा रॉड गालावरून फिरवून बघायचा, तळहातापेक्षा गालाला लवकर कळतं म्हणून.

ग्रीस हा वादाचा विषय आहे. ग्रीस सील करत नाही. ते रिंगेला सरकायला मदत करतं, म्हणजे ती चावली जात नाही, पीळ पडत नाही, आणि उड्डाणानंतर आटे सहज सुटतात. एरोटेकच्या पत्रकात सिंको कंपनीच्या सुपर ल्यूब या कृत्रिम ग्रीसचं नाव असतं. रबराची आणि ग्रीसची जात जुळावी लागते. नायट्राइलला खनिज तेल चालतं, पण ईपीडीएमला ते लागलं की ते फुगतं; सिलिकोन रबराला सिलिकोन ग्रीस मानवत नाही. म्हणून गॅरेजच्या डब्यातलं हाताला लागलं ते ग्रीस उचलायचं नाही. आणि किती? रिंग ओली चकचकीत दिसावी, बस. बोटावर गोळा घेऊन लावणारे बघितलेत मी. अति तिथे माती. जास्तीचं ग्रीस कचरा धरतं, शिवाय ते ग्रेनवर किंवा विलंबाच्या तुकड्याच्या तोंडावर गेलं तर पेटण्यात खोडा घालतं. ग्रीसच्या हाताने इंधनाला शिवायचं नाही. मधे हात पुसायचा.

रिंग आत सरकवताना आट्यांवरून न्यावी लागते. आट्यांनाही हलकं ग्रीस लावायचं, आणि रिंग एका बाजूने खुपसायची नाही; चारी बाजूंनी थोडी थोडी, सारखी दाबत न्यायची. बसली की प्रकाशात तिरकं बघायचं. वलय सर्वत्र सारखं दिसलं पाहिजे. कुठे फुगवटा असेल तर तिथे पीळ आहे. काढून परत बसवायची.

शेवटी झाकणं. ती हातानेच आवळायची. मागच्या झाकणाला शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये चांगला विरोध जाणवतो, कारण रिंग चेपली जात असते. तो विरोध हवाच असतो. आटे सुरुवातीपासूनच जड जात असतील तर मात्र थांबायचं. झाकण आणि नळीमध्ये किती फट चालते ते पत्रकात असतं. त्याहून जास्त फट राहिली तर आत काहीतरी उलटं, दुहेरी किंवा वाकडं बसलेलं आहे. अशा वेळी पान्हा शोधायचा नाही. खोलायचं. आवळून फट बुजते, चूक बुजत नाही.

एक नियम आमच्या शॉपचा होता तो मी इथे आणला. सील बसवणाऱ्याशी बोलायचं नाही. चहा आला तरी चालू काम एखाद्या टप्प्याला आणून मगच उठायचं, आणि परत आल्यावर मागचा टप्पा पुन्हा बघून पुढे जायचं. मैदानावर वारा असतो, धूळ असते, ओळखीचे लोक येऊन गप्पा मारतात. म्हणून नात मोटर शक्यतो आदल्या रात्री घरी जोडते. पेटवणारी तार मात्र मोटरमध्ये जाते ती मैदानावर, रॉकेट उडवायच्या जागी उभं केल्यावरच. तो नियम मोडायची कुणाला मुभा नाही. ‘एच’ मोटर उडवताना माणसांनी किमान शंभर फूट लांब असायचं असतं. हे अंतर ठरवताना गृहीत धरलेलं असतं की कधी ना कधी कुणाचं तरी सील जाणारच.

मोठ्या रॉकेटची गोष्ट

28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांनी नष्ट झालं आणि सात जण गेले. उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातली ओ-रिंग निकामी झाली, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. फेब्रुवारीत चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला आणि थंडीत ते परत उसळत नाही हे दाखवलं. लोकांच्या लक्षात राहिली ती थंड, कडक पडलेली रिंग.

पण माझ्या धंद्याच्या माणसाने अहवालातला सांध्याचा भाग वाचावा. त्या बूस्टरचा व्यास पावणेचार मीटरच्या जवळपास, रिंग जेमतेम सात मिलिमीटर जाडीची. इंधन पेटून दाब आला की सांधा मिटायच्या ऐवजी किंचित उघडायचा. म्हणजे रिंगेने त्या क्षणी उसळून वाढती फट गाठायची, अशी अपेक्षा होती. उबेत ती कसंबसं गाठायची. त्या सकाळी तापमान 2 अंशांच्या आसपास होतं. त्याआधीचं सर्वांत थंड उड्डाण 12 अंशांच्या आसपासचं, जानेवारी 1985 मधलं; त्यातून परत आलेल्या बूस्टरच्या दोन रिंगांमधलं ग्रीस काळं पडलेलं आढळलं होतं. पहिली रिंग ओलांडून वायू आत गेल्याची ती उघड खूण. मॉर्टन थायोकोल कंपनीतल्या रॉजर बॉइजॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खूण वाचली, उड्डाणाच्या आदल्या रात्री विरोधही केला. त्यांचं ऐकलं गेलं नाही. आयोगाने दोष दिला तो सांध्याच्या रचनेला आणि निर्णय घेण्याच्या पद्धतीला. पुढे सांधा नव्याने आखला गेला, तो उघडू नये म्हणून धातूची जादा कड दिली, तिसरी रिंग आली, गरम ठेवायची सोय आली.

छंदाच्या मोटरसाठी यातल्या दोनच गोष्टी घ्यायच्या. विस्कॉन्सिनमध्ये लोक हिवाळ्यातही रॉकेटं उडवतात. अशा दिवशी जोडायच्या रिंगा गाडीच्या डिकीत गारठवायच्या नाहीत, उबेत ठेवायच्या. आणि काळं पडलेलं ग्रीस दिसलं तर ‘उडालं ना शेवटी, झालं’ असं म्हणून पुसून टाकायचं नाही.

उडाल्यानंतरचं वाचन

रॉकेट सुखरूप परत आलं की लोक फोटो काढतात. नातीलाही काढावेसे वाटतात, काढावेत. पण त्याच दिवशी मोटर खोलायची. या इंधनाच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो; ओलावा मिळाला की तो आम्ल होतो आणि ॲल्युमिनिअम खातो. शिवाय आतली काजळी दिवस गेला की दगडासारखी चिकटते. कोमट पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश. स्टीलची घासणी नाही, तिचे ओरखडे पुढच्या सीलच्या मुळावर येतात.

धुण्याआधी मात्र बघायचं. रिंगेच्या आतल्या बाजूला काजळी असणारच. बाहेरच्या बाजूला, रिंगेच्या पलीकडे ग्रीस स्वच्छ असेल तर सील पूर्ण होतं. पलीकडे करडी जीभ गेलेली दिसली, तर उड्डाण कितीही देखणं झालेलं असो, सील हरता हरता वाचलं. कुठल्या बाजूला जीभ आहे ते टिपून ठेवायचं आणि नळीत, झाकणावर, लायनरच्या कडेवर त्याच बाजूला कारण शोधायचं. वापरलेल्या रिंगा परत वापरायच्या नाहीत. त्या चेपल्या गेलेल्या असतात. पण टाकायच्याही नाहीत लगेच. नातीकडे चिठ्ठ्या लावलेल्या छोट्या पुड्या आहेत: तारीख, मोटर, उड्डाण कसं झालं, रिंग कशी दिसली.

मोटर फुटली तर तिथल्या संघटना मालकाकडून एक अर्ज भरून घेतात. कुठली मोटर, कुठल्या तारखेची बनावट, कुठून फाटली, काय दिसलं. असे अर्ज साठले की एखाद्या खेपेतच दोष होता की सुट्या सुट्या हातांचे दोष होते, हे कळतं. मोटरी तपासून मान्यता देणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. अर्ज भरणाऱ्याला कुणी हसत नाही.

आमच्या धंद्यात नेमकं उलट चालायचं. जुनं सील निघालं की कचऱ्यात, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, “सील गेलं होतं साहेब, नवीन टाकलंय.” काही महिन्यांनी तोच सिलिंडर परत यायचा, तोच रॉड त्याच जागी ओरखडलेला, आणि आम्ही पुन्हा तेच वाक्य म्हणायचो. बिल व्हायचं, कारण मिळायचं नाही. यंदा भोसरीला गेलो तेव्हा आता शॉप सांभाळणाऱ्या पोरांना सांगितलं, काढलेलं प्रत्येक सील जॉबकार्डाला पुडीत टाचून ठेवा आणि गिऱ्हाइकाला दाखवा: इथे कापलंय, इथे करपलंय, इथे पीळ पडलाय. पोरं म्हणाली, “काका, मग गिऱ्हाईक विचारेल ना, कापलं कशाने?” विचारू दे की. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचे पैसे घ्या. रिंग दहा-वीस रुपयांना मिळते.